विजेचें कोठार उभारणारे शास्त्रज्ञ : गास्तों प्लान्ते

ज्यांच्या श्रमांचें फळ आपण रोज भोगतों, परंतु ज्यांचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें, अशा उपकारकर्त्यांची मोजदाद करूं लागल्यास ती फार मोठी होईल. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञांस त्या मालिकेंत वरचें स्थान द्यावें लागेल. औसा गांवच्या रस्त्यानें जाणाऱ्या फटफटीचा दिवा, बटण दाबतांच सुरू होणारें तिचें यंत्र, लातूरहून येणारी एस्. टी.ची गाडी, आणि तारेंतील वीज गेली असतां घरांतील पंखा फिरता ठेवणारी इन्व्हर्टरची पेटी, या बहुतेक सर्वांच्या पोटांत शिसें व गंधकाम्ल यांचा एक घट असतो. त्यालाच आपण बॅटरी म्हणतों. हा घट प्रथम इ. स. १८५९ सालीं प्लान्ते यांनीं सिद्ध केला. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस उद्बोधक आहेच. शिवाय ज्यांच्या दारीं मोटार-सायकल उभी असते, त्या पालकांसहि तें उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

फ्रान्स देशाच्या नैऋत्य भागांत, पिरेनीज पर्वताच्या बाजूस, ओर्तेझ नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथें ता. २२ एप्रिल १८३४ रोजीं गास्तों प्लान्ते यांचा जन्म झाला. तरुणपणीं ते पॅरिस शहरीं आले आणि १८५४ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तेथील कला व उद्योग यांच्या राष्ट्रीय विद्यालयांत पदार्थविज्ञानाचे साहाय्यक म्हणून काम करूं लागले. हें काम मोठ्या मानाचें नव्हतें. व्याख्यानासाठीं उपकरणें मांडणें, तीं पुसून ठेवणें, प्रयोग बिनचूक होईल अशी तजवीज करणें, असें त्याचें स्वरूप असे. परंतु ज्यास पाहण्याची दृष्टि आहे, त्यास अशा कामांतहि विद्या मिळते. एदमों बेकरेल यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखालीं काम करण्याची संधि त्यांस मिळाली, व तिचा त्यांनीं पुरेपूर उपयोग करून घेतला.

त्यांची निरीक्षणशक्ति केवळ प्रयोगशाळेपुरती नव्हती. १८५५ सालीं पॅरिसजवळील म्यूदों येथें त्यांस एका प्राचीन पक्ष्याचीं अस्थिरूप अवशेषें सांपडलीं. हा पक्षी माणसाहून भारी व उडतां न येणारा असून कोट्यवधि वर्षांपूर्वींच नष्ट झालेला होता. शोधणाऱ्याच्या सन्मानार्थ विद्वानांनीं त्या पक्ष्यास गास्तॉर्निस असें नांव दिलें. एकवीस वर्षांच्या साहाय्यकाचें नांव अशा रीतीनें प्राणिशास्त्रांत कायमचें कोरलें गेलें. परंतु ज्या कामामुळें जग त्यांस ओळखतें, तें अजून पुढेंच होतें.

त्या कामाचें महत्त्व समजण्यासाठीं त्या वेळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. इटलींतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनीं १८०० सालीं दोन निराळ्या धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेलीं कापडें यांची चळत रचून विजेचा अखंड प्रवाह मिळविला. पुढें या घटांत अनेक सुधारणा झाल्या, तरी त्यांचा एक दोष राहिलाच. त्यांतील जस्त झिजून संपलें कीं घट निकामी होई. चुलींत जळून गेलेल्या लांकडाप्रमाणेंच ती स्थिति होती. राखेचें पुन्हां लांकूड होत नसे. एकदां वापरलेली वीज त्याच घटांत परत भरतां येईल काय, हा प्रश्न शिल्लक होता.

त्याचें उत्तर एका उपेक्षित गोष्टींत दडलेलें होतें. आम्लमिश्रित पाण्यांत धातूच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांतून वीज सोडली, आणि नंतर विजेचें मूळ काढून घेऊन त्या पट्ट्या तारेनें जोडल्या, तर क्षणभर उलट दिशेनें प्रवाह वाहतो. जर्मनींतील योहान रिटर यांनीं १८०३ सालींच हा चमत्कार दाखविला होता. तथापि हा उलट प्रवाह मूळ प्रवाहास विरोध करी, म्हणून बहुतेक प्रयोगकर्त्यांस तो एक उपद्रवच वाटे. प्लान्ते यांनीं त्याच उपद्रवाचा कसून अभ्यास करण्याचें ठरविलें. तांबें, रुपें, कथील, शिसें, सोनें, प्लॅटिनम अशा निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या त्यांनीं एकामागून एक तपासून पाहिल्या. बहुतेक धातूंचा उलट प्रवाह पाहतां पाहतां मावळे. परंतु शिशाचा प्रवाह जोरदार असून पुष्कळ वेळ टिके. सोनें व प्लॅटिनम मागें पडलीं आणि बाजारांतील स्वस्त, मऊ व काळवंडलेलें शिसें पुढें आलें.

मग त्यांनीं शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मध्यें जाडेंभरडें कापड घातलें, आणि चटईची वळकटी करावी त्याप्रमाणें त्यांची गुंडाळी करून ती शेंकडा दहा भाग गंधकाम्ल असलेल्या पाण्यांत बुडविली. वीज भरतां येईल, वापरतां येईल व पुन्हां भरतां येईल असा हा पहिला उपयुक्त घट होय. १८६० सालीं असे नऊ घट एकत्र जोडून त्यांनीं ते फ्रान्सच्या विज्ञान-परिषदेपुढें मांडले. त्याच सुमारास लोकशिक्षणाचा प्रसार करणाऱ्या एका पॅरिसच्या संस्थेंत ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

या घटांत घडतें तरी काय? आपल्या मराठवाड्यांत पूर्वी ज्वारी पेवांत सांठवीत. पेवांत भाकरी ठेवीत नसत, तर जिची भाकरी होईल ती ज्वारी ठेवीत. बॅटरीचेंहि तसेंच आहे. तिच्यांत वीज जशीच्या तशी भरून राहत नाहीं. जिच्यापासून वीज होईल ती रासायनिक स्थिति राहते. भरलेल्या घटाच्या एका पट्टीवर शिशाचें तपकिरी परॉक्साइड असतें, तर दुसरीवर स्पंजासारखें सच्छिद्र शिसें असतें. वीज वापरली जाऊं लागली कीं दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट नांवाचें पांढुरकें द्रव्य तयार होतें, आणि आम्ल पातळ होऊन पाण्याकडे झुकतें. बाहेरून वीज दिली म्हणजे हीच क्रिया उलट होते. असा एक घट सुमारें दोन व्होल्ट दाब देतो. मोटार-सायकलीच्या बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा घट असतात, त्याचें कारण हेंच.

प्लान्ते यांच्या धीराची खरी कसोटी येथून पुढें लागली. कोऱ्या शिशाच्या पत्र्यावर ही क्रिया अगदीं वरच्या थरापुरतीच होई, म्हणून घटांत फारच थोडी वीज मावे. पत्रा आंतपर्यंत कामास यावा यासाठीं त्यांनीं एक पद्धति बसविली. घट भरावा, रिकामा करावा, प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हां भरावा; आणि मधून मधून त्यास स्वस्थ पडूं द्यावें. ही विश्रांति प्रथम थोडी, मग कांहीं दिवसांची, मग त्याहूनहि दीर्घ असे. घट उगाच पडून आहे असें बाहेरून दिसे. परंतु त्या अवधींत पट्टीवरील द्रव्य व तिच्या पोटांतील शिसें यांच्यामध्यें संथपणें क्रिया चालू असे, आणि आणखी शिशाचें सल्फेट होई. त्यानंतर वीज दिली म्हणजे कामाचा थर पूर्वीपेक्षां खोल जाई. अशा रीतीनें महिनोन्महिने खपून एकेक घट तयार करावा लागे.

वाचकांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी, कारण बॅटरीच्या निगेचें सर्व मर्म हिच्यांत आहे. भरलेला घट नुसता ठेविला तरी आंतल्या आंत हळूहळू रिता होत असतो व त्याच्या पट्ट्यांवर सल्फेट धरत असतें. प्लान्ते यांच्या घटांसहि हा नियम लागू होता. परंतु त्यांची विश्रांति मोजलेली असे आणि तिच्यामागून भरण ठरलेलें असे, म्हणून तीच विश्रांति घटास बळ देई. जो घट रिता पडला आणि विसरला गेला, त्याच्यावरील सल्फेटाचे बारीक कण मोठे व कठीण होत जातात. पुढें कितीहि वीज दिली तरी ते विरघळत नाहींत. घट विश्रांतीनें मरत नाहीं, विसरल्यानें मरतो.

इतक्या खटाटोपीनें केलेल्या या शोधाचें चीज मात्र लवकर झालें नाहीं. घट भरण्यास वीज हवी, आणि त्या काळीं ती जस्ताच्या जुन्या घटांपासूनच घ्यावी लागे. विहीर आटलेली असतां हौद बांधावा, तसा हा प्रकार होता. १८७१ सालीं झेनोब ग्राम यांनीं आपलें वीज उत्पन्न करणारें यंत्र विज्ञान-परिषदेपुढें आणलें, आणि पुढें अशा यंत्रांचा प्रसार होऊं लागल्यावर सांठवणीची गरज लोकांस पटली. प्लान्ते यांनीं तोंपर्यंत आपलें काम सोडलें नव्हतें. शेंकडों घट ओळीनें जोडून ते फार मोठा दाब उत्पन्न करीत, आणि त्यायोगें आकाशांतील विजेसारखे चमत्कार प्रयोगशाळेंत घडवून त्यांचा अभ्यास करीत. १८७९ सालीं त्यांनीं आपले विजेविषयींचे शोध ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

१८८१ सालीं कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थांनीं शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ति काढली. तिच्यामुळें महिन्यांचें काम पुष्कळ थोड्या काळांत होऊं लागलें व बॅटऱ्यांचे कारखाने निघाले. त्याच वर्षीं ग्युस्ताव्ह त्रूवे यांनीं असे घट बसविलेली तीनचाकी पॅरिसच्या रस्त्यावर विजेनें चालवून दाखविली. पुढें १८८५ सालीं जर्मनींत डायम्लर व मायबाख यांनीं खनिज तेलाच्या यंत्रावर चालणारी दुचाकी बनविली. तिच्यांत बॅटरी नव्हती. परंतु कालांतरानें अशा वाहनांस दिवा, भोंगा व चालू करण्याचें बटण आलें, आणि त्यांबरोबर प्लान्ते यांचा घटहि त्यांच्या अंगीं बसला. प्लान्ते हे मात्र ता. २१ मे १८८९ रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, पॅरिसजवळ बेल्व्यू येथें निवर्तले. चंद्राच्या पलीकडील बाजूवरील एका विवरास त्यांचें नांव दिलेलें आहे.

थोर पुरुषाचें चरित्र वाचून तें मिटून ठेवूं नये. त्यांतील धडा व्यवहारांत आणावा. युरोपांतील थंड देशांत हिवाळ्यांत रस्ते बर्फानें झांकले जातात, तेव्हां लोक आपल्या मोटार-सायकली कित्येक महिने आंत ठेवून देतात. तेथें रित्या बॅटरीस आणखी एक भय असतें. तिच्यांतील आम्ल पातळ झाल्यामुळें कडक थंडींत तें गोठतें व पेटी फुटते. पूर्ण भरलेली बॅटरी मात्र त्याहून पुष्कळ अधिक थंडी सोसते. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं, तरी गाड्या उभ्या राहतातच. दिवाळीनंतर मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. कोणाचा मुलगा शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं पुण्यास जातो. आणि दारची फटफटी महिनोन्महिने जागची हालत नाहीं. शिवाय आपल्याकडे थंडीपेक्षां ऊन अधिक घातक असतें. उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढली कीं बॅटरी आपोआप रिती होण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. आणि उन्हाळ्यांत आपला पारा चाळिसाच्या वर जातो, हें सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून गाडी दीर्घकाळ ठेवावयाची झाल्यास प्रथम बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. भरण्याचा प्रवाह मंद असावा. बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिलेले असतील त्यांचा सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे पांच अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर, हें प्रमाण बरें. भरतांना तिच्यांतून पेट घेणारा वायु निघतो, म्हणून जागा मोकळी असावी व जवळ बिडी, काडी किंवा दिवा आणूं नये. गाडीची किल्ली बंद करूनहि घड्याळासारखीं कांहीं उपकरणें थोडी थोडी वीज खातच राहतात. म्हणून तारा सोडवून ठेवाव्या. सोडवितांना ऋण टोंकाची तार आधीं व धन टोंकाची मागून सोडावी. जोडतांना उलट क्रम धरावा. टोंकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसल्यास ती सोड्याच्या पाण्यानें पुसून, कोरडें करून, वर व्हॅसलिनचें बोट फिरवावें. मग बॅटरी सावलींत, कोरड्या व थंड जागीं, मुलांच्या हातास लागणार नाहीं अशी ठेवावी.

ज्या बॅटरीस झांकणें असतात तिची पाण्याची पातळी पाहावी. कमी असल्यास पट्ट्या बुडतील इतकें ऊर्ध्वपातित पाणी भरण्याआधीं घालावें, आणि भरून झाल्यावर तें खुणेपर्यंत आणावें. बोअरचें किंवा नळाचें पाणी कदापि घालूं नये. आपल्या भागांतील बोअरच्या पाण्यांत क्षार असतात. ते घटांत गेले म्हणजे परत निघत नाहींत व पट्ट्यांची हानि करतात. वरून आणखी आम्लहि ओतूं नये. जी बॅटरी कायमची बंद असते तिचीं झांकणें उचकटूं नयेत. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांस लागल्यास धुतल्यानंतर वैद्यकीय मदतहि घ्यावी.

यानंतर मुख्य गोष्ट म्हणजे विसरूं नये. महिन्यांतून एकदां बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेविलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारें १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते. तो १२.४च्या खालीं उतरूं लागला कीं पुन्हां भरावी. कित्येकांचा असा समज असतो कीं आठवड्यांतून पांच मिनिटें गाडी जागच्या जागीं सुरू ठेविली म्हणजे पुरे. तो बरोबर नाहीं. सुरू करण्यांत जितकी वीज खर्च होते, तितकीहि इतक्या अल्प वेळांत बहुधा परत भरत नाहीं. त्यापेक्षां एखाद्या शेजाऱ्यास किंवा घरीं राहिलेल्या मुलास तारीख नेमून देऊन हें काम सोंपवावें. अलीकडे कांहीं वाहनांत शिशाऐवजीं लिथियमचे घट येतात. त्यांची निगा करणाऱ्यानें बनविणाऱ्याच्या सूचना पाहाव्या. आणि मेलेली शिशाची बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये, किंवा घरीं फोडून वितळवूं नये. शिसें हें विष आहे व लहान मुलांस त्याची बाधा विशेष होते. ती विक्रेत्यास परत द्यावी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पेटीसाठीं इतका जपणूक-सोहळा कशाला? किंमत पाहतां ती कांहीं हजारांची वस्तु असेल. परंतु तिचें मोल किंमतीवरून ठरत नाहीं. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटेच्या अंधारांत आपल्याच औसा तालुक्यांतील किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं आणि हजारों माणसें प्राणास मुकलीं. असा घाला कधीं येईल हें कोणास सांगतां येत नाहीं. रात्रीं कोणास सर्पदंश होतो, कोणास प्रसूतिवेदना सुरू होतात, आणि तालुक्याचें रुग्णालय कांहीं कोस दूर असतें. त्या घटकेस विजेच्या तारा मुक्या असल्या तर आधीं सांठवून ठेविलेली वीजच कामास येते. ज्या घरची गाडी त्या क्षणीं हुंकार देत नाहीं, त्या घरास बॅटरीचें मोल सांगावें लागत नाहीं.

पवित्र शास्त्रांतील दहा कुमारींचा दाखला आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. दिवे त्या दहाहि जणींजवळ होते, झोंपहि त्या दहाहि जणींस लागली. भेद होता तो केवळ तेलाचा. प्लान्ते यांचें जीवन त्याच शहाणपणाची साक्ष देतें. त्यांच्या हयातींतील कितीएक वर्षें त्यांच्या शोधास गिऱ्हाईक नव्हतें, तरी त्यांनीं आपला घट रिता पडूं दिला नाहीं. हांक येण्यापूर्वींच तो भरून तयार होता. विद्यार्थिमित्रहो, सुट्टीचे दिवस, परीक्षेनंतरचे महिने, आजारपणाचे दिवस, हे सर्व आपल्या आयुष्यांतील विश्रांतीचे काळ होत. विश्रांति घेण्यांत दोष नाहीं. तिच्या आधीं भरून घ्यावें, मध्यें एकदां तपासून पाहावें, आणि रितें होऊं लागतांच पुन्हां भरावें, इतकेंच या शांत, उद्योगी पुरुषाच्या चरित्रापासून आपण शिकलों तरी पुष्कळ झालें.